पोर्शन संपल्यावर उरलेला प्रश्न



इथल्या रीतीप्रमाणे आधी एक नमस्कार. आपण जिथे बसलो आहोत ती जमीन कुलिन समूहातल्या वुरुंजेरी लोकांची. हा उल्लेख मेलबर्नमधल्या प्रत्येक सभेत होतो आणि बहुतेक वेळा चहा येईपर्यंत विसरला जातो. आज विसरू नका. मला तो मध्येच पुन्हा लागणार आहे.

आजचा विषय कृतिसंशोधन. हा शब्द उच्चारताच समोरच्या काही चेहऱ्यांवर उमटलेली कळ मी इथून पाहिली. ही मंडळी महाराष्ट्रात बी.एड. किंवा डी.एड. झालेली असणार. शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, व्याप्ती व मर्यादा, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, निष्कर्ष. विषय बहुधा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका, नाहीतर हातच्याची वजाबाकी. पूर्वचाचणीत मुलं गडगडतात, उत्तरचाचणीत झळकतात, फाइल बाइंडिंगला जाते, प्राध्यापकांची सही होते. फसलेलं कृतिसंशोधन तुम्ही कधी पाहिलंय? मी नाही. प्रत्येक प्रयोग हमखास यशस्वी होण्याची सोय जगात दोनच ठिकाणी आहे: बी.एड.च्या फाइलीत आणि केसांच्या तेलाच्या जाहिरातीत.

मग सरांच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत हा विषय कशाला? सर आयुष्यभर वर्गात उभे राहिलेले शिक्षक. त्यांना फाइलींचं प्रेम नव्हतं. कारण असं, की या शब्दामागे एक खरी, रक्तामांसाची गोष्ट आहे आणि तिचा मोठा भाग आपल्या या शहरात घडला आहे. पॉइंट कुक, टार्नीट, ट्रुगनिनाकडून आज इथे आलेल्यांना लॅव्हर्टन नवं नाही. फ्रीवेवरून पाटी दिसते, स्टेशन दिसतं, आपण पुढे जातो. त्या लॅव्हर्टनमधल्या सरकारी हायस्कुलात १९८५ साली काही शिक्षक एकत्र बसायला लागले. त्यांची गोष्ट मी सविस्तर सांगणार आहे. तिच्यानंतर उत्तरेतल्या यिर्कालाची, आणि शेवटी आपल्या मराठी शाळांबद्दल थोडं.

लॅव्हर्टनच्या शिक्षकांची तक्रार काय होती? मुलं दंगा करतात, गृहपाठ करत नाहीत, पालक लक्ष देत नाहीत? ही तक्रार तर जगातल्या प्रत्येक स्टाफरूममध्ये सापडते. त्यांची तक्रार याच्या उलट होती, आणि म्हणून मला ती थोर वाटते. वर्ग शांत आहे, वह्या भरलेल्या आहेत, पोर्शन वेळेवर संपतो आहे, तास चांगला झाला असं सगळ्यांनाच वाटतं आहे. आणि तरीही मुलं विचार करत नाहीत. फळ्यावरचं वहीत उतरतं, डोक्यात शिरत नाही. चांगल्या तासातसुद्धा हेच होतं, हे म्हणायला छाती लागते. वाईट तासाला वाईट म्हणणारे पुष्कळ असतात.

हा संशय हवेतून आलेला नव्हता. मोनाश विद्यापीठात रिचर्ड गनस्टोन आणि रिचर्ड व्हाइट यांनी पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक साधा प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. सायकलचं चाक कप्पीसारखं उंचावर बसवलेलं, दोरीच्या एका टोकाला वाळूची बादली, दुसऱ्या टोकाला ठोकळा. दोन्ही स्थिर. बादली वर, ठोकळा खाली. सांगा, जड कोण? शाळेत पदार्थविज्ञानात उत्तम मार्क मिळवून आलेल्या या मुलांपैकी बऱ्याच जणांनी सांगितलं, ठोकळा. का? तो खाली आहे म्हणून. न्यूटनचे नियम तोंडपाठ, गणितं चोख, आणि समोरची दोरी मात्र त्या नियमांच्या जगातली नाहीच! परीक्षेचं पदार्थविज्ञान वेगळं, डोळ्यांसमोरचं वेगळं. आपल्याकडच्या किती बोर्डात आलेल्या मुलांचं असं झालं असेल, याचा हिशेब करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. आपणही त्यातलेच आहोत.

लॅव्हर्टनमध्ये विज्ञान शिकवणारे इयन मिचेल मोनाशमध्येही काम करत होते. जॉन बेअर्ड यांनी मुलांच्या शिकण्याच्या सवयींवर संशोधन केलं होतं. या दोघांनी पुढाकार घेतला. मुलांच्या शिकण्यातले दोष बेअर्डनी नावं देऊन मांडले होते. वरवर लक्ष देणं. उत्तर मिळालं की आपलं काम संपलं असं समजणं. आपल्याला कळलं की नाही हे स्वतःशी न तपासणं. आजच्या तासाचा कालच्या तासाशी संबंध न जोडणं. मुख्य प्रश्न असा: हे दोष मुलांच्या बुद्धीतले आहेत, की शाळेने लावलेल्या सवयी आहेत? सवयी असतील तर त्या बदलता यायला हव्यात. आणि बदलायच्या तर एकट्या विज्ञानाच्या तासाला बदलून कसं चालेल? म्हणून इंग्रजी, इतिहास, भूगोल, गणित अशा वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक आले. प्रकल्पाला नाव मिळालं ‘पील’. निधी नव्हता. खात्याचं परिपत्रक नव्हतं. कुणी सांगितलं म्हणून कुणी आलेलं नव्हतं.

इथे थोडं मागे जायला हवं, पण फार नाही. कृतिसंशोधन ही कल्पना कुर्ट लेविन या समाजमानसशास्त्रज्ञाची. जर्मनीतून अमेरिकेत आलेला हा ज्यू विद्वान १९४६ साली म्हणाला, की ज्या संशोधनातून नुसती पुस्तकं निघतात ते पुरेसं नाही. तो ज्या प्रश्नांवर काम करत होता ते वंशभेदाचे होते, शाळेचे नव्हते. शाळेत ही कल्पना न्यूयॉर्कच्या स्टीफन कोरी यांनी आणली. इंग्लंडात लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात शिक्षकाला संशोधक म्हटलं आणि विद्यापीठांच्या भुवया वर गेल्या. स्टेनहाउस यांनी ईस्ट अँग्लिया विद्यापीठात उभ्या केलेल्या केंद्रात काम करून स्टीफन केमिस ऑस्ट्रेलियात परतले आणि जिलाँगच्या डीकिन विद्यापीठात रॉबिन मॅक्टॅगार्ट यांच्याबरोबर त्यांनी शिक्षकांसाठी एक पातळ हस्तपुस्तिका तयार केली. आखा, करा, पाहा, विचार करा आणि पुन्हा आखा. ते चक्राकार चित्र नंतर जगभर गेलं. तुमच्या बी.एड.च्या पुस्तकात आहे ते चित्र बहुधा तेच, किंवा त्याचा भाऊ.

आणि हो, गिजुभाई बधेका. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत ज्यांच्यासोबत आपल्या ताराबाई मोडकांनी काम केलं, ते गिजुभाई. त्यांच्या १९३२च्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन म्हणतो, मला एक वर्ष चौथीचा वर्ग द्या, मला प्रयोग करून पाहायचा आहे. लेविनच्या आधी चौदा वर्षं! पण आपलं ते आधीचं असं सिद्ध करायला मी इथे उभा नाही. मुद्दा एवढाच, की शहाण्या शिक्षकाला हे करावंसं वाटतंच. प्रश्न असतो तो त्याला ते करू दिलं जातं का, हा.

आणि १९८५च्या व्हिक्टोरियात ते करू दिलं जात होतं. का? १९७३ साली पीटर कार्मेल यांच्या समितीने सांगितलं होतं, की शाळांचे निर्णय शक्य तितके शाळांनीच घ्यावेत. गरीब वस्तीतल्या शाळांना त्यानंतर पैसा मिळाला तो त्यांनी स्वतः मांडलेल्या योजनांसाठी. त्याच सुमारास इथल्या माध्यमिक शिक्षकांच्या संघटनेने इन्स्पेक्शनविरुद्ध लढा दिला. इन्स्पेक्टरला वर्गात येऊ द्यायचं नाही म्हणून शिक्षक अडून बसले. आपल्यापैकी ज्यांना ‘दिपोटी आले’ ही आरोळी आठवते, फळा पुसणारा शिपाई आठवतो, आदल्या दिवशी पाठ करून घेतलेली उत्तरं आठवतात, त्यांना याचं मोल कळेल. बाहेरून तपासायला येणारा गेला, की दोन गोष्टी होऊ शकतात. एक, सगळे आळशी होतात. दुसरी, तपासण्याचं काम आपण स्वतः अंगावर घेतो. लॅव्हर्टनमध्ये दुसरी झाली.

आता पहिलं वर्ष. सोपं गेलं असेल असं वाटतंय? शिक्षकांनी नव्या रीती आणल्या. प्रयोग दाखवण्याआधी मुलांनी काय होईल ते कारणासह लिहायचं, मग पाहायचं, मग फरक समजावून सांगायचा. उत्तर आलं की शिक्षकाने लगेच बरोबर-चूक म्हणायचं नाही, इतरांकडे बघायचं. मुलांनी उत्तरांऐवजी प्रश्न आणायचे. धड्यातल्या कल्पनांचा नकाशा काढायचा. हे ऐकायला किती छान वाटतं!

मुलांनी विरोध केला.

हा या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे, म्हणून थांबून सांगतो. मुलांच्या मते काम म्हणजे फळ्यावरून उतरवून घेणं. चर्चा म्हणजे काम नव्हे, सर आज टाइमपास करत आहेत. प्रश्न विचारणं म्हणजे आपला अडाणीपणा जाहीर करणं. आणि काहींनी तर मनमोकळेपणाने सांगून टाकलं, की तुम्हाला आम्ही स्वतः विचार करायला हवा आहे हे आमच्या लक्षात आलं आहे, पण आम्हाला तो करायचा नाही. बघा, किती सरळ हिशेब! चौदा वर्षांच्या मुलाने शाळा ओळखली होती. शाळा मार्क कशाला देते? पाठ केलेल्याला. मग विचार फुकट का करायचा?

या विरोधापुढे एकटा शिक्षक काय करतो? दोन आठवडे नेट धरतो आणि मग जुन्या नोट्स काढतो. आपण सगळ्यांनी हे केलं आहे किंवा होताना पाहिलं आहे. नवी पद्धत घेतली, की अनुभवी शिक्षकही पहिल्या वर्षाच्या मास्तरासारखा चाचपडू लागतो. वर्ग हातातून निसटतो, शेजारच्या वर्गाला आवाज जातो, मुख्याध्यापक डोकावतात. लॅव्हर्टनचे शिक्षक टिकले ते एका गोष्टीमुळे: त्यांची ठरलेली बैठक. वेळापत्रकात जागा करून घेतलेली. तिथे इतिहासाचा शिक्षक सांगायचा, आज माझा तास पार फसला. आणि विज्ञानाचा विचारायचा, नेमकं काय झालं, कोण काय म्हणालं? तुम्ही असं करायला हवं होतं, ही भाषा नव्हती. नेमकं काय झालं, एवढंच.

तिथूनच त्यांना सापडलं, की शिकवणं बदलून प्रश्नपत्रिका जुनीच ठेवली तर मुलं प्रश्नपत्रिकेवर विश्वास ठेवतात, शिक्षकावर नाही. मग त्यांनी परीक्षाही बदलल्या. मुलांनी कसं शिकायचं याबद्दल मुलांशीच उघड बोलायला सुरुवात केली. चांगलं शिकणारा मुलगा काय काय करतो, याची उदाहरणं टिपून ठेवली. तो सांगतो की मला हे कळलं नाही. तो विचारतो की माझं चुकलं ते का चुकलं. भूगोलाच्या तासाला तो विज्ञानातलं काहीतरी काढतो. ही यादी कुठल्या पाश्चात्त्य पंडिताने खोलीत बसून केलेली नाही. ती वर्गातून आलेली आहे.

प्रकल्प दोन वर्षांचा ठरला होता. मुदत संपली तेव्हा शिक्षकांना तो सोडवेना. मग तो लॅव्हर्टनच्या बाहेर गेला, दुसऱ्या शाळांत गट झाले, १९८९पासून शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिलेलं ‘पील सीड्स’ हे नियतकालिक निघू लागलं, आणि स्वीडन, डेन्मार्कपर्यंत ही रीत पोचली. मोनाशमध्ये नवे शिक्षक घडवणारे जेफ नॉर्थफील्ड यांनी तर १९९३ साली स्वतः सातवीचा वर्ग शिकवायला घेतला आणि रोजनिशी ठेवली. जॉन लॉक्रन यांच्याबरोबर त्यावर पुस्तक लिहिलं. प्राध्यापक महाशय सातवीसमोर! आपल्याकडच्या अध्यापक महाविद्यालयांतल्या सर्वांना एकेका वर्षासाठी हीच शिक्षा व्हावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

१९८५ हेच साल आपल्या दृष्टीनेही महत्त्वाचं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय त्याच वर्षी सुरू केलं. लॅव्हर्टनला कोल्हापूर माहीत नव्हतं, कोल्हापूरला लॅव्हर्टन. पण पाठांतराच्या शाळेवरचा राग दोन्हीकडे एकच होता, आणि शिक्षकाने आपलं शिकवणं लिहून काढावं, उघड मांडावं हा आग्रहही. लीलाताईंनी त्यावर मराठीत भरपूर लिहून ठेवलं आहे. आपल्या मंडळाच्या ग्रंथालयाने ते मागवावं.

आता त्या चक्राच्या चित्राबद्दल माझं मत. चित्र स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या फोटोसारखं आहे. दिसतं तसं ताटात येत नाही. लॅव्हर्टनमध्ये आखणी, कृती, निरीक्षण, चिंतन असे चार कप्पे कधी सुटे पडले नाहीत. सगळं एकाच वेळी, एकमेकांत गुंतलेलं. केमिस आणि मॅक्टॅगार्ट यांनी स्वतःच पुढे मान्य केलं, की प्रत्यक्षात टप्पे एकमेकांवर चढतात आणि आखलेलं लवकरच जुनं होतं. पण चित्र छापायला सोपं, त्यावर मार्क द्यायला सोपं. बैठकीला मार्क कसे देणार? म्हणून अभ्यासक्रमात चित्र आलं आणि बैठक राहून गेली.

आता वुरुंजेरींना केलेला नमस्कार पुन्हा आठवा आणि माझ्याबरोबर तीन हजार किलोमीटर उत्तरेला चला. आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकाला यिर्काला. योल्ङु लोकांची वस्ती. तिथल्या शाळेत १९७०च्या दशकात योल्ङु भाषेतून आणि इंग्रजीतून शिक्षण सुरू झालं, पण वर्गावरची सत्ता गोऱ्या शिक्षकाची. योल्ङु शिक्षक मदतनीस. १९८०च्या दशकात बॅचलर कॉलेज आणि डीकिन यांच्या संयुक्त अभ्यासक्रमातून या मदतनिसांनी पदव्या घ्यायला सुरुवात केली, तीही आपली वस्ती न सोडता. आणि त्यांनी कृतिसंशोधनाचा प्रश्न काय घेतला? वाचनाचा वेग? पाढे? त्यांचा प्रश्न होता: ही शाळा कोणाची? इथे काय शिकवायचं ते कोण ठरवणार?

रेमाटजा मारिका, मंदावुय युनुपिङ्गु आणि त्यांचे सहकारी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांसोबत बसले. समुद्राचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी जिथे मिसळतं ती जागा त्यांच्या परंपरेत ज्ञानाची आहे. दोन्ही पाणी एकमेकांना न गिळता भेटतात. त्या कल्पनेवर त्यांनी गणिताचा अभ्यासक्रम बांधला. एका बाजूला नात्यांची व्यवस्था. योल्ङु नाती म्हणजे आपल्यासारखी नुसती काका-मामा-आतेभावंडं नव्हेत, ती अख्ख्या सृष्टीला लागू होणारी पक्की रचना आहे. दुसऱ्या बाजूला पूर्वजांच्या वाटांनी बांधलेली भूमीची जाण. मुलं या दोन्ही रचना शिकत आणि त्यांच्या शेजारी शाळेतली संख्या आणि भूमिती. मंदावुय युनुपिङ्गु १९९०च्या सुमारास या शाळेचे मुख्याध्यापक झाले, नॉर्दर्न टेरिटरीतले पहिले मूलनिवासी मुख्याध्यापक. आपल्याला ते ‘योथू यिंदी’ या बँडचे गायक म्हणून माहीत आहेत. ‘ट्रीटी’ गाणारा हा माणूस आधी शाळेतला मास्तर होता, हे मला फार आवडतं.

आणि मग? २००८ साली टेरिटरी सरकारने हुकूम काढला, की शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतून. कारण त्याच वर्षी देशभर सुरू झालेल्या नॅपलॅन परीक्षेचे आकडे. ज्या शिक्षकांनी दोन दशकं बसून आपल्या मुलांसाठी उत्तर शोधलं होतं, त्यांना कुणी विचारलं? वर्गातून आलेल्या ज्ञानाला एका आकड्याने उडवून लावणं किती सोपं असतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. योल्ङु शिक्षक तरी गप्प बसले नाहीत आणि यिर्कालाच्या शाळेने आपली भाषा सोडली नाही.

हा झाला आकड्याचा धोका. आता दुसरा, जास्त गोड. आज व्हिक्टोरियात नव्या शिक्षकाला पूर्ण नोंदणीसाठी आपल्या वर्गात ‘इन्क्वायरी’ करून तिचे पुरावे द्यावे लागतात. लॅव्हर्टनमधल्या शिक्षकांनी जे हौसेने केलं ते आता नियमाने होतं. चांगली गोष्ट? काही अंशी नक्कीच. मी अशा नव्या शिक्षकांबरोबर पुष्कळ बसलो आहे. ज्यांचा प्रश्न खरा असतो त्यांचे डोळे वेगळे दिसतात. बाकीचे पहिल्याच भेटीत विचारतात, किती पानं हवीत? दोष त्यांचा नाही. ज्याला अपयश लिहिण्याची मुभा नाही, तो खरं लिहिणार कसं? सही करणारा आणि मदत करणारा माणूस एकच असेल, तर आज माझा तास पार फसला हे वाक्य कोण उच्चारील?

म्हणून मला आशा कुठे वाटते, माहीत आहे? आपल्या रविवारच्या मराठी शाळांत. तिथे इन्स्पेक्टर नाही, नॅपलॅन नाही, पगारही नाही. आणि प्रश्न तर अगदी ढळढळीत आहे. पोरांना मराठी कळतं, ती बोलत नाहीत. ताई मराठीत विचारतात, मूल इंग्रजीत उत्तर देतं. आपण यावर दर गणपतीत चर्चा करतो, पालकांना दोष देतो, मोदक खातो.

यातला एक छोटासा प्रश्न घ्या. मी मराठीत प्रश्न विचारल्यावर तोच इंग्रजीत पुन्हा विचारेपर्यंत किती वेळ थांबते? अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शिक्षकांच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात असं आढळलं. तेच तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तो अभ्यास एकाच भाषेतला. आपल्या मुलांना तर दोन भाषांमधून वाट काढायची असते. त्यांना तीन सेकंद पुरतात का? पाच लागतात? मला माहीत नाही, आणि कुठल्याही विद्यापीठातल्या कुणाला तुमच्या वर्गापुरतं ते माहीत असण्याचं कारण नाही.

पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. या राज्यात मुलांच्या सुरक्षिततेचे नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. मग टेबलावर फोन ठेवून दहा मिनिटं रेकॉर्ड करा. पुढच्या रविवारी मुलं गेल्यावर दोघीतिघींनी बसून ऐका. आपलाच आवाज ऐकणं फार क्लेशाचं असतं, चहा सोबत ठेवा. कुणी सुचवण्या करायला लागलं तर थांबवा आणि विचारा, नेमकं काय झालं? मंडळाच्या समितीने अहवाल मागितला तर गोड हसून दिवाळीनंतर देऊ म्हणा.

प्रश्नोत्तरांना वीस मिनिटं आहेत असं अध्यक्ष खुणावत आहेत. पहिला प्रश्न मी मराठी शाळेच्या शिक्षिकांकडून घेईन. मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही मघापासून मान हलवताय, आणि ती होकाराची नाही.